रोम, चीन आणि मधला प्रदेश

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक खेडे. राजधानी वाढत वाढत त्याच्या चारी अंगांनी पसरली आणि ते शहराच्या पोटात आले. त्याच्या शेजारी अरवलीच्या खडकाळ माळावर १९६९ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. त्यामुळे मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांतील खोल्यांतून देशाच्या सर्व भागांतून आलेले विद्यार्थी राहतात, आणि संध्याकाळी चहाच्या दुकानापाशी कोणता विषय कानी पडेल याचा नेम नसतो. रोमच्या इतिहासाचे वेड असलेले चार जण तेथे एकत्र जमले, तर गप्पांना कसा रंग चढेल याची कल्पना करणे कठीण नाही.

एक जण म्हणेल, पार्थियनांच्या हाती सापडलेली रोमन सैन्याची एक तुकडी पूर्वेकडे सरकत सरकत चीनमध्ये पोहोचली, आणि तिचे वंशज आजही तेथील एका गावात नांदत आहेत. दुसरा म्हणेल, सम्राट मार्कस ऑरेलियसने तर चीनच्या दरबारी वकील पाठवला होता. तिसरा सांगेल की, चिनी रेशमाच्या हव्यासापायी रोमचा खजिना रिकामा झाला आणि साम्राज्य बुडाले. अशा वेळी मंडळीत कोणी कोल्हापूरकर असेल, तर तो तरी मागे का राहील? आमच्या पंचगंगेच्या काठी रोमनांचा समुद्रदेव सापडला आहे, तेव्हा रोमन लोकांची वसाहतच तेथे असली पाहिजे, असे तो ठासून सांगेल.

गप्पांना पुरावा लागत नाही, हाच त्यांचा आनंद असतो. इतिहासाची गोडी पुष्कळांना अशा गप्पांतूनच लागते. म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि चहाचा पेला खाली ठेवल्यावर, यांतले खरे किती आणि हौसेचे किती, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. या लेखात आपण वरील चार गप्पा एकेक करून तपासून पाहणार आहोत. प्राचीन जगाची ही दोन टोके परस्परांना कितपत ओळखत होती आणि त्यांच्या मधल्या प्रदेशाने, विशेषतः आपल्या दख्खनने, या ओळखीत कोणता वाटा उचलला, हेही त्या ओघाने स्पष्ट होईल.

हरवलेली तुकडी

पहिल्या गप्पेचा आरंभ एका खऱ्या घटनेपासून होतो. इ. स. पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅसस याने पार्थियन साम्राज्यावर स्वारी केली. कॅऱ्ही येथील लढाईत पार्थियन घोडेस्वार तिरंदाजांनी त्याच्या सैन्याची दाणादाण उडवली. प्लूटार्कने दिलेल्या माहितीनुसार सुमारे २०,००० रोमन या मोहिमेत मारले गेले आणि १०,००० कैद झाले. या कैद्यांना मध्य आशियातील मार्जियाना येथे, म्हणजे आजच्या मर्व्हच्या परिसरात नेण्यात आले, असे प्लिनी सांगतो. त्यांचे पुढे काय झाले, याविषयी रोमन ग्रंथकार मौन पाळतात.

दुसरी घटना चिनी इतिहासातील आहे, आणि तीही खरी आहे. इ. स. पू. ३६ मध्ये चिनी सैन्याने तलास नदीकाठी शियुंग्नू टोळ्यांचा नायक झीझी याच्या किल्ल्यावर हल्ला केला. किल्ल्याच्या दरवाजापाशी शंभराहून अधिक पायदळ सैनिक माशाच्या खवल्यांप्रमाणे रचना करून उभे होते, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. ऑक्सफर्ड येथील चिनी विद्येचे पंडित होमर डब्स यांनी १९५७ मध्ये या दोन घटना एकत्र जोडल्या. खवल्यांसारखी रचना म्हणजे रोमन सैनिकांची ढालींना ढाल लावून उभे राहण्याची पद्धत असली पाहिजे, हे सैनिक क्रॅससच्या सैन्यातील कैदी असले पाहिजेत आणि चिन्यांनी त्यांना गान्सू प्रांतातील लीच्यान या ठिकाणी वसवले असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

तर्क बुद्धिमान आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु त्यात 'असले पाहिजे' हे शब्द किती वेळा आले, तेही वाचकाने पाहावे. कॅऱ्हीची लढाई आणि तलासची लढाई यांच्यामध्ये सतरा वर्षे आणि शेकडो कोसांचे अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणारा एकही लेख, नाणे किंवा शस्त्र हाती आलेले नाही. माशाच्या खवल्यांची उपमा तर कोणत्याही दाटीने उभ्या राहिलेल्या सैनिकांना लागू पडते. शिवाय ज्या ग्रंथावर हा तर्क उभारला आहे, तोच ग्रंथ पुढे सांगतो की जिवंत पकडलेले १४५ जण आणि शरण आलेले हजारावर लोक हे मोहिमेत सामील झालेल्या पंधरा राजांना वाटून देण्यात आले. त्यांना गान्सूत नेल्याचे तेथे म्हटलेले नाही. लीच्यानशी मिळतेजुळते असे एका पश्चिमेकडील देशाचे नाव तर इतिहासकार सीमा चियान याच्या ग्रंथात आढळते, आणि त्या ग्रंथाची रचना कॅऱ्हीच्या लढाईपूर्वीची आहे. म्हणजे नावाच्या उगमासाठी क्रॅससच्या सैनिकांची गरजच उरत नाही. २००७ मध्ये या गावातील पुरुषांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही रोमन उगमाच्या कल्पनेला आधार मिळाला नाही. तेथील बहुसंख्य वंशरेषा पूर्व आशियातीलच निघाल्या.

असे असूनही ही कथा मरत नाही. संबंधित तालुक्यात रोमन धर्तीचे पुतळे आणि खांब उभे राहिले, प्रवासी येऊ लागले, आणि ज्या कोणा गावकऱ्याचे डोळे घारे किंवा केस पिंगट, त्याला रोमन सैनिकाचा वारस ठरवले जाऊ लागले. गान्सू हा युगानुयुगे मध्य आशियातील लोकांच्या येण्याजाण्याचा मार्ग राहिला आहे. घारे डोळे तेथे यावयास रोमच कशाला हवे? येथे गप्पेची दुसरी बाजू दिसते. एखाद्या गावाला त्याचा पूर्वज बाहेरून आणून दिला, की त्याचा स्वतःचा, अनेक जमातींच्या सहवासाने घडलेला खरा इतिहास झाकला जातो.

दोन आरसे

रोम आणि चीन परस्परांना ओळखत होते काय? या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागेल. परंतु ती ओळख ऐकीव होती. रोमन लोक पूर्वेकडील रेशीम देणाऱ्या लोकांना 'सेरेस' म्हणत. रेशीम कशापासून होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. सेरेस लोक झाडांच्या पानांवरील लव पाण्याने भिजवून विंचरून काढतात, असे पहिल्या शतकात प्लिनीने लिहिले. दुसऱ्या शतकातील पॉसेनियस सत्याच्या जरा जवळ आला. हा धागा एका किड्यापासून मिळतो, हे त्याला कळले होते. परंतु त्याच्या वर्णनातील किड्याला कोळ्याप्रमाणे आठ पाय आहेत, आणि अति खाऊन तो फुटतो तेव्हा त्याच्या पोटातून धागा निघतो! रेशमाच्या किड्यांची अंडी भूमध्य समुद्राच्या प्रदेशात पोहोचण्यास सहावे शतक, म्हणजे जस्टिनियनची कारकीर्द उजाडावी लागली.

चिनी लोकांची माहिती अधिक बारकाईची होती, पण तीही ऐकीवच. त्यांनी पश्चिमेकडील त्या दूरच्या साम्राज्याला 'दा-चिन', म्हणजे थोर चिन, असे नाव दिले. तेथील लोक उंच व सचोटीचे असून आपल्यासारखेच आहेत, म्हणून हे नाव, असा खुलासा फान ये याने पाचव्या शतकात संकलित केलेल्या उत्तर हान वंशाच्या इतिहासात केला आहे. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे की, दा-चिनचे राजे कायमचे नसतात. गुणवान पुरुषाला गादीवर बसवतात, आणि देशावर आपत्ती ओढवली तर त्याला दूर करून दुसरा नेमतात, आणि पदच्युत राजा त्याबद्दल रागही मानत नाही.

रोमन सम्राटांचा खरा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. गादीवरून दूर झालेल्या रोमन सम्राटांपैकी राग मानण्यापुरता जिवंत राहण्याचे भाग्य फारच थोड्यांना लाभले. परंतु या विनोदामागे एक अर्थ आहे. दैवी कोपाच्या वेळी राजाने पायउतार व्हावे, ही चिनी राजनीतीतील जुनी कल्पना होय. आपल्या राज्यात जे असावे असे वाटते, ते लेखकाने दूरच्या दा-चिनमध्ये आहे असे मानले. रोमन लेखकांचेही वागणे असेच होते. सेरेस हे शांत, न्यायी आणि अबोल लोक असून ते माल नदीकाठी ठेवतात व न बोलता व्यवहार करतात, असे ते सांगत. दोघांनीही दूर क्षितिजावर एकेक आरसा टांगला होता, आणि त्यात प्रत्येकाला स्वतःचेच सुधारलेले रूप दिसत होते.

समुद्रकिनाऱ्यावरून परतलेला दूत

या दोन साम्राज्यांची प्रत्यक्ष भेट घडण्याची एक संधी येऊन गेली. इ. स. ९७ मध्ये मध्य आशियातील चिनी सेनापती बान चाव याने गान यिंग नावाचा दूत दा-चिनकडे रवाना केला. तो पार्थियन प्रदेश ओलांडून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोहोचला. हा समुद्र म्हणजे इराणचे आखात असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पलीकडे जाण्याविषयी त्याने चौकशी केली, तेव्हा पार्थियन खलाशांनी त्याला सांगितले की समुद्र अफाट आहे. वारा अनुकूल असेल तर तीन महिने लागतात. नसेल तर दोन वर्षेही लागतात. म्हणून लोक तीन वर्षांची शिधासामग्री बरोबर घेतात. समुद्रावर माणसाला घराची आठवण अनावर होते आणि कित्येक जण त्यातच दगावतात. हे ऐकून गान यिंग परत फिरला.

खलाशांनी त्याला घाबरवले की वस्तुस्थिती सांगितली? अरबस्तानाला वळसा घालून तांबड्या समुद्रातून इजिप्तपर्यंत जावयाचे तर तीन महिने ही काही अतिशयोक्ती नव्हे. परंतु पार्थियनांचा हेतू निर्मळ नसावा, हा संशय चिनी इतिहासकारालाच आलेला आहे. दा-चिनच्या राजांना हान दरबाराशी संबंध जोडावयाची इच्छा होती. पण चिनी रेशमाचा व्यापार आपल्या हातून जाऊ नये म्हणून पार्थियनांनी वाट अडवून धरली, असे तो स्पष्ट लिहितो. दोन गिऱ्हाइकांची गाठ पडली तर अडत्याचे काय राहणार, हे कोणत्याही बाजारपेठेतील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर एकोणसत्तर वर्षांनी, इ. स. १६६ मध्ये, दा-चिनचा राजा 'आन्-दुन' याचे दूत आजच्या मध्य व्हिएतनामच्या बाजूने समुद्रमार्गे चीनमध्ये आले. आन्-दुन म्हणजे अँटोनायनस. त्या वेळी मार्कस ऑरेलियस अँटोनायनस रोमच्या गादीवर होता, तेव्हा नाव जुळते. मुनिरक्यातील दुसऱ्या गप्पेचा आधार हाच. परंतु या दूतांनी नजराणा कोणता आणला? हस्तिदंत, गेंड्याचे शिंग आणि कासवाची पाठ! यांतील एकही वस्तू खास रोमन म्हणता येणार नाही. हा सारा हिंदी महासागराच्या बंदरांतून सहज मिळणारा माल. नजराण्यात मौल्यवान असे काहीच नव्हते, म्हणून दा-चिनविषयीच्या जुन्या वर्णनांत अतिशयोक्ती असावी, अशी शंका चिनी इतिहासकाराने नोंदवली. रोमन ग्रंथांत अशा वकिलातीचा मागमूसही नाही. तेव्हा हे दूत म्हणजे सम्राटाचे नाव घेऊन दरबारात प्रवेश मिळवणारे धाडसी व्यापारी असावेत, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

मात्र हे व्यापारी काल्पनिक नव्हते. व्हिएतनामच्या दक्षिण टोकाकडील ऑक-एओ येथे १९४० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननात इ. स. १५२ चे अँटोनायनस पायसचे सुवर्णपदक मिळाले. इ. स. २२६ मध्ये दा-चिनचा एक व्यापारी दक्षिण चीनमधील वू राज्याच्या राजापुढे गेला आणि राजाने त्याच्याकडे त्याच्या देशाची चौकशी केली, अशीही चिनी नोंद आहे. हे लोक ज्या समुद्रमार्गाने गेले, तो मार्ग भारताच्या किनाऱ्याला टाळून जात नव्हता.

मधल्या प्रदेशातील बाजार

येथवर आपण रोम आणि चीन या दोन टोकांकडे पाहिले. गप्पांत ही दोन टोकेच नायक असतात आणि मधला सारा प्रदेश म्हणजे नुसती वाट असते. वस्तुतः खरी घडामोड त्या मधल्या प्रदेशातच चालू होती.

पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' नावाची मार्गदर्शिका लिहिली. लेखकाचे नाव माहीत नाही. पण बंदरे, वारे, भरती-ओहोटी आणि मालाच्या याद्या यांची त्याला पक्की जाण आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा लाभ घेऊन रोमन साम्राज्यातील जहाजे त्या काळी थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत. चिनी रेशीम आणि रोमन जहाज यांची गाठ कोठे पडे, हे हा लेखक सांगतो. दूर उत्तरेकडे 'थिना' नावाचे मोठे शहर आहे, तेथून रेशमाचे सूत आणि कापड बॅक्ट्रियामार्गे भडोचला येते, आणि गंगेच्या मार्गाने दक्षिणेतील बंदरांकडेही जाते. थिनाला जाणे सोपे नाही, तेथून येणारी माणसे थोडी आणि क्वचितच दिसणारी, असे तो प्रामाणिकपणे जोडतो. रोमच्या बाजारातील रेशमाचा एक मोठा वाटा अशा रीतीने भारतीय अडत्यांच्या हातून गेला होता.

भडोचच्या मागे दख्खनचे पठार पसरलेले होते. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, अशी अंतरे पेरिप्लसमध्ये दिली आहेत. पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून जाडेभरडे व तलम सुती कापड गाड्यांवर लादून अवघड वाटांनी किनाऱ्यावर येई. परत जाताना त्या गाड्यांत काय असेल? भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच आणि सोन्याचांदीची नाणी आहेत. ही नाणी स्थानिक चलनात बदलून घेतल्यास नफा होतो, असा व्यवहारी सल्लाही लेखक देतो.

कोकणातील बंदरांपैकी कल्याण आणि चौल यांचा उल्लेख या ग्रंथात आहे. कल्याणविषयी लेखक जी हकिकत सांगतो, ती विशेष बोलकी आहे. पूर्वी हे रीतसर व्यापारी बंदर होते. परंतु सत्ता बदलल्यापासून तेथे चुकून गेलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाते. सातवाहन आणि क्षहरात शक यांच्यातील वैराचा हा परिणाम होय. शक राजा नहपान याच्या ताब्यात भडोच होते, आणि बंदर ज्याचे त्याची जकात, हे उभय पक्षांना कळत होते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. या भागात रोमन नाण्यांचे साठे दक्षिणेच्या मानाने कमी मिळतात. ती चांदी वितळवून स्थानिक नाणी पाडली गेली असावीत, असे कित्येक नाणकशास्त्रज्ञांना वाटते. तसे असेल, तर रोमच्या टांकसाळीतून निघालेल्या चांदीने नाशिकच्या वाटेवर तीन राजांची नावे धारण केली असे म्हणावे लागेल.

घाटमाथ्यावरील वाटाही याच व्यापाराची साक्ष देतात. कल्याणहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि तेथील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकीत अशी परंपरा सांगितली जाते. कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरी येथील लेणी अशा वाटांच्या अनुषंगानेच खोदली गेली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्यापन केलेल्या हिमांशु प्रभा रे यांनी 'मॉनेस्टरी अँड गिल्ड' (१९८६) या ग्रंथात सातवाहनकालीन विहार आणि व्यापार यांचे नाते उलगडून दाखवले आहे. म्हणजे मुनिरक्याच्या चहाच्या दुकानापासून काही मिनिटांच्या अंतरावर आपल्या घाटवाटांचा हा हिशेब मांडला गेला.

आता रेशमाने रोम बुडाले, या तिसऱ्या गप्पेकडे वळू. या व्यापाराबद्दल रोममध्ये कुरकूर होती, यात शंका नाही. इ. स. १६ मध्ये पुरुषांनी रेशमी वस्त्रे वापरू नयेत असा ठराव रोमच्या सिनेटने केला. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो, आणि भारत, सेरेस व अरबस्तान मिळून १० कोटी, अशी तक्रार प्लिनीने केली. चार सेस्टर्स म्हणजे एक दिनारियस. आपला 'दीनार' हा शब्द त्यावरूनच आला. पण प्लिनी येथे हिशेबनीस म्हणून लिहीत नाही. चैनीवर कोरडे ओढणाऱ्या नीतिज्ञाची ही भाषा आहे. त्याच्या रकमेत मिरी, मोती आणि सुगंधी द्रव्ये यांचाही वाटा आहे. शिवाय पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमन राज्य चौथा हिस्सा जकात घेई. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसवरून केरळातील मुझिरिसहून गेलेल्या एकाच जहाजाच्या मालाची किंमत सुमारे ७० लाख सेस्टर्स होती, असे दिसते. ज्या व्यापारातून राज्याला एवढे उत्पन्न मिळत होते, त्यानेच राज्य बुडवले असे म्हणणे धाडसाचे होईल. प्लिनीनंतर रोमचे साम्राज्य पश्चिमेतही जवळजवळ चारशे वर्षे टिकले.

आपल्यालाही तोच तराजू

दुसऱ्यांच्या गप्पा तपासताना जो तराजू वापरला, तोच आपल्या गप्पेसाठीही वापरला पाहिजे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४० नंतरच्या दशकात पोसायडन या समुद्रदेवाची काशाची सुरेख मूर्ती, आरसा आणि रोमन धर्तीची भांडी मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन केले. वस्तू परदेशी आहेत, हे निर्विवाद. परंतु वस्तू आली म्हणजे तिचा मालकही आला, असे होत नाही. आज एखाद्या घरात जपानी घड्याळ असले, तर घरमालकाला कोणी जपानी म्हणत नाही. एखाद्या श्रीमंत श्रेष्ठीने हौसेने ती मूर्ती घेतली असेल, राजाला मिळालेल्या भेटींतून ती खाली आली असेल, किंवा तांब्या-काशाच्या व्यापारात मोडीच्या भावानेही आली असेल. वसाहत सिद्ध करावयाची तर रोमन पद्धतीची घरे, चुली, दफने आणि नित्याची भांडी सापडावयास हवीत.

लेण्यांतील 'यवन' दात्यांविषयीही असाच विवेक हवा. कार्ले आणि जुन्नर येथील लेखांत यवनांची दाने नोंदलेली आहेत. पण त्यांची नावे बहुधा भारतीय आहेत, त्यांचा धर्म बौद्ध आहे, आणि यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठी व पुढे वायव्येकडील परकीयांसाठी सैलपणे वापरला जाई. त्यांना सरसकट रोमन ठरवणे योग्य नव्हे. मातीच्या भांड्यांनी तर संशोधकांनाही धडा शिकवला. पश्चिम भारतात मिळालेल्या कित्येक खापरांना पूर्वी रोमन मद्यकुंभांची खापरे म्हटले जाई. २००७ मध्ये रोबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतील बरीचशी मेसोपोटेमियाच्या भागातील कुंभांची निघाली. ज्या इराणच्या आखातापाशी गान यिंग परत फिरला, तेथील व्यापारी आपल्या बंदरांत नित्य येत होते. रोमच्या मोहात आपण त्यांना विसरलो होतो.

असा काटेकोर हिशेब केल्यावर पदरात काही उरत नाही, असे मात्र नव्हे. उरते ते अधिक भरीव असते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाल्या आहेत. अफगाणिस्तानात बेग्राम येथे १९३७ ते १९३९ च्या दरम्यान दोन चिणलेल्या खोल्या उघडल्या, तेव्हा त्यांत भूमध्य प्रदेशातील काचेची भांडी, भारतीय हस्तिदंती नक्षीकाम आणि चिनी लाखकाम केलेल्या वस्तू एकत्र ठेवलेल्या आढळल्या. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरात २०२२ मध्ये भूमध्य प्रदेशातील संगमरवरात घडवलेली बुद्धमूर्ती हाती आली. यांतील कोणत्याही वस्तूच्या पाठीशी सम्राट नाही, सेनापती नाही, हरवलेली तुकडी नाही. गाडीवान, कोष्टी, हस्तिदंताचे कारागीर, खलाशी, भिक्षू आणि अडते यांनीच हा सारा पसारा हातोहात पुढे नेला.

भाषेतही त्याच्या खुणा उरल्या आहेत. वराहमिहिराने सहाव्या शतकात ज्या पाच ज्योतिष-सिद्धान्तांचा सारांश दिला, त्यांतील एकाचे नावच 'रोमक' आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रेशमाच्या संदर्भात 'चीनपट्ट' हा शब्द येतो. दोन दूरचे देश, आणि दोघांचीही नावे एका मधल्या भाषेच्या कोशात शेजारी शेजारी बसलेली आहेत! ज्या राजधानीत 'केंद्र' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो याची मोजदाद नाही, तेथील किती जणांना ठाऊक असेल की तो ग्रीक 'केन्त्रॉन'वरून ज्योतिषाच्या ग्रंथांतून आपल्याकडे आला?

तेव्हा मुनिरक्यातील गप्पा खुशाल रंगाव्यात. गान यिंगने त्या दिवशी जहाजात पाय ठेवला असता तर काय झाले असते, यावर आणखी एक चहा अवश्य व्हावा. पण गप्पा संपवून उठताना कोणीतरी एवढे विचारावे की, तो माल ज्यांच्या खांद्यावरून गेला ते लोक कोण होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास रोमला किंवा चीनला जाण्याची गरज नाही. तेरच्या पांढरीत, नाणेघाटाच्या चढावर आणि चौलच्या खाडीकाठी ते अजून पुष्कळसे पुरलेले आहे.